माँटी पायथन विरुद्ध एबीसी : ब्रिटिश विनोदाला अमेरिकी कात्री लागली तेव्हा

ब्रिटनमधला विनोदी कार्यक्रम अमेरिकेत दाखवायचा असेल तर त्यात काय बदलावे लागते? दोन्ही देशांची भाषा इंग्रजीच, त्यामुळे फारसे काही बदलावे लागत नसेल असे आपल्याला वाटते. पण १९७५ साली 'माँटी पायथन' या ब्रिटिश गटाचे सहा भाग एबीसी या अमेरिकी नेटवर्कने विकत घेतले आणि प्रकरण थेट न्यायालयात गेले. वाद भाषेचा नव्हताच. दुसऱ्याने लिहिलेल्या विनोदावर कात्री चालवण्याचा अधिकार कोणाला, हा मुद्दा होता.

मूळ मालिका कशी होती?

'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही मालिका बीबीसीवर ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली आणि १९७४ पर्यंत तिचे ४५ भाग झाले. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ, टेरी गिलियम, एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकल पेलिन हे सहा जण त्यामागे होते. त्यांपैकी गिलियम हे जन्माने अमेरिकी. मालिकेतली चमत्कारिक ॲनिमेशन त्यांची होती.

हा 'स्केच कॉमेडी' प्रकारचा कार्यक्रम होता, म्हणजे लहान लहान प्रहसनांची माळ. साधारणपणे अशा प्रत्येक प्रहसनाच्या शेवटी एक टाळीचे वाक्य येते आणि पुढचे प्रहसन सुरू होते. पायथन गटाने हा नियमच मोडला. त्यांचे प्रहसन मध्येच थांबे, त्यातले पात्र दुसऱ्याच प्रहसनात शिरे, ॲनिमेशनमधून तिसरे काही उगवे आणि दहा मिनिटांपूर्वीचा संदर्भ अचानक परत येई. त्यामुळे अर्ध्या तासाचा भाग एकसंध असे. मधला एक तुकडा काढला की पुढच्या दोन जागांचा अर्थ हरवे.

परदेशी कार्यक्रम अमेरिकेत नेण्याचे मार्ग

ब्रिटिश स्केच कार्यक्रम अमेरिकेत नेण्याचे ढोबळमानाने चार मार्ग दिसतात.

- जसाच्या तसा दाखवणे : डॅलसच्या केईआरए या सार्वजनिक वाहिनीने १९७४ मध्ये पायथनचे भाग दाखवायला सुरुवात केली. तिथे जाहिरातींसाठी भाग मध्येच तोडावा लागत नसे. हळूहळू इतर शहरांतल्या सार्वजनिक वाहिन्यांनीही ते घेतले.
- स्थानिक आवृत्ती तयार करणे : 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा राजकीय उपहासाचा बीबीसी कार्यक्रम एनबीसीने १९६४-६५ मध्ये अमेरिकी विषय आणि कलाकार घेऊन केला. डेव्हिड फ्रॉस्ट मात्र दोन्हीकडे होते.
- त्याच कलाकारांकडून नवे लेखन : 'लिटल ब्रिटन'चे मॅट लुकास आणि डेव्हिड वॉल्यम्स यांनी २००८ मध्ये एचबीओसाठी 'लिटल ब्रिटन यूएसए' केले.
- कापून पुन्हा जुळवणे : 'द बेनी हिल शो'चे लांब भाग अर्ध्या तासात बसवून १९७९ पासून अमेरिकेत विकले गेले. त्यातली प्रहसने बरीचशी सुटी असल्याने ते निभावले.

एबीसीने पायथनसाठी हा चौथा मार्ग निवडला.

एबीसीने काय केले?

बीबीसीच्या कार्यक्रमांचे अमेरिकेतले वितरण 'टाइम-लाइफ फिल्म्स'कडे होते. एबीसीने त्यांच्याकडून सहा भाग घेतले आणि तीन-तीन भागांचे मिळून ९० मिनिटांचे दोन खास कार्यक्रम ठरवले. बीबीसीवर जाहिराती नसल्यामुळे अर्ध्या तासाचा भाग खरोखरच अर्ध्या तासाचा असे. अमेरिकी व्यावसायिक नेटवर्कला मात्र त्याच वेळेत जाहिराती बसवायच्या होत्या. शिवाय नेटवर्कला आक्षेपार्ह वाटणारे शब्द आणि प्रसंगही काढायचे होते.

पहिला कार्यक्रम ३ ऑक्टोबर १९७५ रोजी दाखवला गेला. मूळ ९० मिनिटांपैकी २४ मिनिटे गायब होती, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. गटाला त्याची टेप पाहायला मिळाली ती नोव्हेंबरच्या अखेरीस.

कापाकापीचा परिणाम कसा झाला, याचे एक उदाहरण पुढे न्यायालयाने निकालपत्रातच दिले. एका प्रहसनात एक उच्चभ्रू इंग्रज कुटुंब शब्दांच्या नादावर गप्पा मारत असते : कोणता शब्द लाकडासारखा वाजतो आणि कोणता पत्र्यासारखा. बोलता बोलता वडील अश्लील छटा असलेल्या शब्दांकडे वळतात. तेव्हा आई पाण्याची बादली आणून त्यांच्या डोक्यावर ओतते आणि गप्पा पुढे चालू राहतात. एबीसीने मधला भाग कापला. त्यामुळे वडील एका क्षणी कोरड्या कपड्यांत छान बसलेले दिसतात आणि दुसऱ्या क्षणी नखशिखांत भिजलेले. का भिजले, हे प्रेक्षकाला कळायला मार्गच नाही.

असे पाहणाऱ्याला वाटेल की लिहिणाऱ्यांनाच विनोद जमत नाही. गटाची खरी तक्रार हीच होती : कापले दुसऱ्यांनी आणि नाव मात्र आमचे लागले.

न्यायालयात काय घडले?

दुसरा कार्यक्रम २६ डिसेंबरला ठरला होता. तो थांबवण्यासाठी गटाने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश मॉरिस लास्कर यांनी कामाचे नुकसान झाल्याचे मान्य केले, पण प्रसारण अगदी तोंडावर आले असल्याने मनाई हुकूम दिला नाही. गटाचा या संपादनाशी संबंध नाही, अशी सूचना कार्यक्रमात दाखवावी, एवढे त्यांनी सांगितले. त्या आदेशालाही अपील न्यायालयात स्थगिती मिळाली. शेवटी कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'एबीसीने संपादित केलेला' एवढीच ओळ झळकली.

३० जून १९७६ रोजी अपील न्यायालयाचा निकाल आला आणि तो गटाच्या बाजूने होता. त्यातले मुख्य मुद्दे असे :

- संहितेचा हक्क लेखकांकडे : गट आणि बीबीसी यांच्या करारानुसार बीबीसीला लेखकांना न विचारता फक्त किरकोळ बदल करता येत होते. टाइम-लाइफने एबीसीला भाग दिले ते बीबीसीकडून मिळालेल्या हक्कांच्या जोरावर. मोठ्या काटछाटीचा हक्क मुळात बीबीसीकडेच नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे असे संपादन कॉपीराइटचा भंग ठरण्याची दाट शक्यता न्यायालयाला दिसली.
- नावाचा गैरवापर : मोडतोड केलेले काम मूळ लेखकांच्या नावावर दाखवणे म्हणजे त्याच्या उगमाबद्दल लोकांची दिशाभूल करणे. त्यासाठी ट्रेडमार्क कायद्याचा आधार घेता येतो.
- सूचनेची पाटी पुरेशी नाही : प्रेक्षकाकडे तुलनेसाठी मूळ भाग नसतो आणि उशिरा टीव्ही लावणाऱ्याला पाटी दिसतही नाही. न्यायाधीश मरे गर्फीन यांचे मत मात्र ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर वेगळे होते. तेवढ्यापुरती स्पष्ट पाटी पुरेशी आहे, असे ते म्हणाले.

पुढे प्रकरण तडजोडीने मिटले आणि कालांतराने मालिकेच्या भागांचे हक्क गटाकडे आले.

हा खटला महत्त्वाचा का?

फ्रान्ससारख्या देशांत लेखकाला 'नैतिक अधिकार' असतो. काम विकले तरी त्याची विटंबना रोखण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात असा हक्क नव्हता. न्यायालयाने करार, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क यांच्या आधारे त्याच्या जवळपास जाणारे संरक्षण दिले. म्हणून 'गिलियम विरुद्ध अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनीज' हा खटला कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही वाचला जातो.

भारतात हा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाचा वाद याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता.

कार्यक्रम दुसऱ्या देशात नेताना बदल करावेच लागतात. 'दॅट वॉज द वीक'मध्ये तर सगळेच बदलले होते, पण ती आवृत्ती उघडपणे वेगळी होती. एबीसीच्या कार्यक्रमात आवृत्ती वेगळी झाली आणि सही मात्र जुनीच राहिली. जाहिरातीसाठी कापलेली मिनिटे हिशेबात वेळ म्हणून मोजली जातात, पण विनोदात त्याच मिनिटांत पुढच्या हशाची तयारी चाललेली असते. ती कापायची तर निदान ज्याने लिहिले त्याला विचारावे, असा या निकालाचा साधा अर्थ आहे.