जुन्या काठ्यांची साक्ष

जुनी नाणी व ताम्रपट जमविणाऱ्यास आपण विद्वान म्हणतो. खेळाच्या मोडक्या काठ्या जमविणारा मात्र छांदिष्ट ठरतो. गोल्फच्या जुन्या काठ्यांची हकीकत ऐकल्यावर वाचक हा निकाल फिरवतील, अशी मला आशा आहे.

स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने १४५७ साली गोल्फला मनाई केली. राज्याला तिरंदाज हवे होते आणि लोक मैदानात रमत होते. खेळ किती लोकप्रिय होता, हे या कायद्यावरून कळते. तो कसल्या काठीने खेळत, हे मात्र कळत नाही. ते सांगावयाचे काठीनेच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू कातड्याचा असे व त्यात पिसे ठासून भरीत. तो महाग, आणि लोखंडाच्या घावाने फाटणारा. म्हणून बहुतेक काठ्यांची डोकी लाकडी, लांबट व निमुळती असत. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकाचा, गटापर्चाचा, स्वस्त व कठीण चेंडू आला. त्याच्या आघाताने नाजूक डोकी तडकू लागली. ती मग आखूड व जाड झाली आणि लोखंडी काठ्यांचा वापर वाढला. चेंडूतील हा सारा पालट काठीच्या आकारावरून वाचता येतो. पण निरुपयोगी झालेली काठी जपून ठेवतो कोण? ती अडगळीत तरी जावयाची, नाही तर चुलीत.

इंग्लंडात हल येथे १८९८ साली एका घरातील बंद कपाटात आठ काठ्या सापडल्या. सहा लाकडी, दोन लोखंडी. सोबत १७४१ सालचे एक वर्तमानपत्र होते. ट्रून येथील क्लबाच्या नावाने ओळखला जाणारा हा संच कोणी मुद्दाम जपला नव्हता. विस्मरणानेच त्याला वाचविले. त्या कागदाने काठ्यांचे वय निर्विवाद सिद्ध होते असे नव्हे. तथापि रद्दी म्हणून तो फेकला असता, तर अनुमानाचा तेवढाही आधार उरला नसता.

सेंट अँड्र्यूजचा कारागीर ह्यू फिल्प (१७८२–१८५६) याच्या काठ्यांस पुढे इतका मान मिळाला की त्याच्या नावाने नकली मालही निघाला. संग्राहकाची खरी कसोटी येथेच लागते. काठी घासूनपुसून चकचकीत करणारा तिच्यावरील घाव, दुरुस्तीचे दोरे आणि कारागिराची पुसट मुद्रा नाहीशी करतो. ती कोठे, कोणाकडे व कशासह सापडली हे न टिपणारा तिला मुकी करतो. काठीबरोबर तिची हकीकतही जो जपतो, त्याला इतिहासकार म्हणण्यास संकोच का वाटावा?