पांढरीच्या मातीतील दफनवही

नोव्हेंबर महिना आला की बुलढाणा जिल्ह्यातील लहानशा धर्मग्रामातही दफनभूमीची साफसफाई सुरू होते. वाढलेले गवत काढले जाते, क्रुसांना चुना लावला जातो आणि मेणबत्त्यांच्या उजेडात वडीलधारी माणसे मुलांना सांगतात, "ही तुझ्या पणजीची कबर." जिच्यावरचे नाव पुसले गेले आहे अशा कबरीसाठी धर्मग्रामाची जुनी दफनवही चाळावी लागते. नाव, वय, दिवस आणि क्वचित मृत्यूचे कारण, एवढ्या चार नोंदींत एक आयुष्य तेथे जपलेले असते. परंतु ज्यांना लेखनकलाच ठाऊक नव्हती त्यांची दफनवही कोठे शोधावी? ती मातीत आहे आणि तिची अक्षरे म्हणजे त्यांच्याच अस्थी होत.

गावालगतच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात. चुलीची राख, शेण आणि कोसळलेल्या मातीच्या भिंती यांचे थरावर थर साचून तेथील माती पांढुरकी झालेली असते. पूर्णेच्या खोऱ्यात अशा टेकाडांची वाण नाही. आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याहून कितीतरी जुनी, ताम्रपाषाणयुगीन वस्ती शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढी येथे सापडली. तेथील मातीची भांडी ज्या संस्कृतीची ओळख पटवितात, ती जोर्वे संस्कृती. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे या गावावरून तिला हे नाव पडले. या संस्कृतीच्या माणसांची सर्वांत मोठी 'दफनवही' मात्र पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे उघडली गेली.

इनामगावचे उत्खनन १९६८ साली सुरू झाले आणि १९८३ पर्यंत चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी ते केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक माणसांचे अवशेष तेथे मिळाले. गावाबाहेर वेगळी दफनभूमी नव्हती. मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणातच पुरीत. तान्ह्या बाळाचा देह दोन मातीच्या कुंभांत ठेवीत. कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून ते आडवे पुरीत आणि सोबत पाण्यासाठी तोटीचे भांडे व एखादा वाडगा ठेवीत. प्रौढांचे डोके उत्तरेकडे करीत आणि पावले घोट्याखाली तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागे भावना असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. अपवाद एका सुमारे चाळिशीच्या पुरुषाचा. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात त्याला मांडी घालून बसविले होते आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा.

ही वही वाचतात कशी? मोठ्या माणसाचे स्त्री-पुरुषत्व कटीच्या हाडांवरून ओळखता येते. मुलाचे वय दात कितपत तयार झाले आहेत यावरून काही महिन्यांच्या फरकाने सांगता येते आणि मांडीच्या हाडाची लांबी त्याची वाढ सांगते. त्यातही दात हा फार प्रामाणिक साक्षीदार. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने घडते, परंतु दातावरचे कवच एकदा बनले की पुन्हा बनत नाही. बाळाच्या दुधाच्या सुळ्याचे कवच जन्माच्या आगेमागे तयार होत असते. त्या दिवसांत आई किंवा बाळ यांच्या पोषणात उणीव राहिली, तर सुळ्यावर लहानसा खळगा पडू शकतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या आईची उपासमार तिच्या बाळाच्या दातावर अशी कायमची कोरली गेली आहे.

इनामगावच्या उत्तरकाळात, म्हणजे इ. स. पू. १००० नंतर, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकारीवरचा भर वाढला. साहजिकच लोकांचे आरोग्यही ढासळले असेल, असे वाटते. परंतु डॉ. जॉन ल्युकाक्स आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांना दुधाच्या दातांवरील खळगे उत्तरकाळात कमी झालेले आढळले. आहारात विविधता आल्याने माता व बालके काहीशी सुधारली असावीत, असे त्यांनी सुचविले. उलट डॉ. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या हाडांवरून दाखविले, की उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटली होती. बालदफने पुष्कळ सापडणे म्हणजे केवळ मृत्यू वाढणे नव्हे, जन्म वाढल्याचीही ती खूण असते, हेही त्यांनी लक्षात आणून दिले. अस्थी खोटे बोलत नाहीत. तरीही त्यांचे म्हणणे समजून घ्यायला अनेकांची नजर लागते.

अस्थींवर केवळ भुकेची नव्हे, तर रोगाचीही नोंद राहते. राजस्थानात उदयपूरजवळील बालाथळ येथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. २००९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. रोगाने चेहऱ्याची हाडे झिजेपर्यंत हा मनुष्य जगला होता आणि मृत्यूनंतर त्याला वस्तीतच, गोवऱ्यांच्या राखेत, जागा मिळाली. शुभवर्तमानातील कुष्ठरोग्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला ही गोष्ट क्षणभर थांबविते.

प्रागैतिहासिक माणूस निसर्गाच्या कुशीत निरोगी आणि सुखी होता, असे आपण सहज म्हणतो. हा काळ रानटी होता, असेही तितक्याच सहजपणे म्हणतो. घराच्या उंबऱ्याआत पुरलेली बाळे या दोन्ही समजुती खोट्या ठरवितात. ती माणसे भुकेली होती, आजारी होती, परंतु आपल्या मृतांना दूर लोटणारी नव्हती. जमिनीखालच्या त्या कुंभावरूनच बाळाची आई रोज जात-येत असली पाहिजे.

म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. पांढरीची माती पिकाला मानवते म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेण्याची जुनी रीत आहे. त्या मातीबरोबर किती कुंभ फुटले आणि किती चिमुकली हाडे नांगराखाली गेली, याची गणती कोण करणार? भोनचे ठिकाणही जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. फावड्याला एखादे रंगीत खापर किंवा तोंडाला तोंड लावलेले कुंभ लागले, तर हात थांबवावा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. आपल्या दफनवहीचे पान कोणी फाडले तर आपण स्वस्थ बसत नाही. ही वही तर ज्यांच्यासाठी मेणबत्ती लावणारे कोणी उरले नाही, त्यांची आहे.