दुछापी नाणे

दोन्ही अंगांना छापाच, किंवा दोन्ही अंगांना काटाच, असलेले बनावट नाणे. ते टांकसाळीत पडत नाही. दोन खरी नाणी कापून एकात एक बसवून करतात. उपयोग दोनच: नाणेफेक हमखास जिंकणे आणि जादूचा खेळ. ‘शोले’ (१९७५) चित्रपटात जयच्या खिशात असेच नाणे असते आणि तो गेल्यावर वीरूला त्याचा उलगडा होतो. तेव्हापासून ‘शोलेतलं नाणं’ एवढे म्हटले तरी पुरते.

पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती. आज त्या परिसरात नाणी पडत नाहीत, पण असे नाणे करायला लागणारी सगळी हत्यारे भोसरी ते चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये सापडतील. एक नाणे लेथच्या चकात सॉफ्ट जॉमध्ये धरायचे, कड शाबूत ठेवून आतून पोखरायचे. दुसऱ्याची कड उतरवून ते पातळ करायचे आणि पहिल्यात प्रेस-फिट बसवायचे. अवघड आहे ते माप. चकती सैल राहिली तर निखळते, घट्ट झाली तर कड फुगते. काम चांगल्या टर्नरचे, हेतू मात्र फसवणुकीचाही असू शकतो. रंगमंचावर त्याला हरकत नाही. जादूगार रघुवीर (रघुनाथ भोपळे, १९२४–८४) याच चाकणजवळच्या आंबेठाणचे.

ओळखताना बहुतेक लोक नाण्याची बाहेरची धार तपासतात. तिथे काहीच सापडत नाही, कारण ती धार खऱ्या नाण्याचीच असते. सांधा असतो कडेच्या आतल्या अंगाला, सपाट भाग जिथे कडेला मिळतो तिथे. दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात, केसाएवढी गोल रेघ दिसते. वजनावर जाऊ नये, ते जवळपास जुळते. आवाज मात्र लपत नाही: फरशीवर टाकले की खणखणीत वाजण्याऐवजी बद्द वाजते. चुंबकही बेताचाच कामाचा, कारण आताचा स्टीलचा रुपया मुळातच चुंबकाला चिकटतो. दोन वेगळ्या धातूंची नाणी जोडली असतील तरच तो उपयोगी पडतो.

सर्वांत सोपी खूण नजरेची आहे. २०११ पासूनच्या नेहमीच्या रुपयावर मूल्य, साल आणि सालाखालची टांकसाळीची खूण (मुंबईची असल्यास चौकट) या तिन्ही गोष्टी काट्याच्या बाजूला असतात. म्हणजे छापा-छापा रुपयावर किंमतही नाही आणि सालही नाही.

असे नाणे ‘टांकसाळीची दुर्मीळ चूक’ म्हणून विकायला येते. टांकसाळीत खरोखर घडणारी, वरवर याच्यासारखी दिसणारी चूक वेगळी असते, तिला संग्राहक ब्रॉकेज म्हणतात. आधी पडलेले नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप उमटतो. पण तो उलटा आणि खोलगट. उलट, वेगळे दिसते म्हणून प्रत्येक नाणे खोटे ठरवणेही चूकच: दहा रुपयांचे नाणे दुकानदार नाकारू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या सर्व १४ नमुन्यांना वैध म्हणून जाहीर करावे लागले.

चलनातले नाणे वितळवणे वा नष्ट करणे हा नाणे कायदा, २०११ प्रमाणे गुन्हा आहे. दोन्ही अंगांना सुलट, उठावदार छापा दिसला तर ते नाणे लेथवरचेच समजावे आणि त्यासाठी दर्शनी मूल्यापेक्षा एक पैसाही जास्त मोजू नये.