वर्गाबाहेर कोणाला काढायचे? बुद्धिमापन चाचणीचा जन्म आणि तिचा प्रवास

‘बुद्ध्यंक’ हा शब्द ऐकला की आज हुशारी, स्पर्धा आणि मोठमोठे आकडे आठवतात. परंतु ज्या चाचणीतून हा शब्द पुढे आला, ती हुशार मुले शोधण्यासाठी तयार झालीच नव्हती. ती तयार झाली शाळेत मागे पडलेल्या आणि वर्गातून बाहेर काढले जाण्याच्या बेतात असलेल्या लहान मुलांसाठी. त्या मुलांवर घाईने शिक्का बसू नये, हा तिचा मूळ हेतू होता. तो हेतू कसा हरवला आणि पुढे न्यायालयांना व कायद्यांना तो पुन्हा कसा शोधावा लागला, याचा हा दीर्घ थ्रेड.

आरंभ फ्रान्समधला. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने तेथे ६ ते १३ वर्षांच्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. तोवर जी मुले शाळेचे तोंडही पाहत नसत, ती आता बाकांवर येऊन बसली. त्यांत काहींना अक्षरे लागत नव्हती, काहींना नीट ऐकू येत नव्हते, काही उपाशीपोटी येत होती आणि काहींचे मन खरोखरच वयाच्या मानाने कमी विकसित झाले होते. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ही सारी एकच होती, ‘मागची मुले’. सक्तीच्या शिक्षणाने सर्वांना दार उघडले आणि त्याच दाराशी निवडीचा प्रश्न उभा केला.

या मुलांसाठी वेगळे वर्ग काढावेत, अशी मागणी शतकाच्या अखेरीस वाढू लागली. मागणी चांगली होती, पण त्या वर्गात कोणाला पाठवायचे हे ठरवणार कोण? शिक्षकावर सोपवावे, तर ज्याचा त्रास होतो त्या खोडकर मुलाचे नाव यादीत सर्वांत वर जाण्याचा धोका. आईबापांना विचारावे, तर काही लाजेपोटी लपवणार आणि काही मुलाच्या जेवणाखाण्याची सोय होईल म्हणून अतिशयोक्ती करणार. राहता राहिले डॉक्टर.

डॉक्टरांकडे शब्द तयार होते. इडियट, त्याच्या वरच्या पायरीवर इम्बेसाइल आणि त्याच्याही वर सौम्य दुर्बलता असलेला. पण या शब्दांच्या सीमा कोणीच आखलेल्या नव्हत्या. एकाच मुलाला एका रुग्णालयाच्या दाखल्यावर एक नाव मिळे आणि दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर दुसरे. रोग तोच, मूल तेच, लेखणी तेवढी बदललेली. आज हे शब्द शिव्या वाटतात. त्या काळी ते सरकारी कागदावरचे निदान होते आणि मुलाने कोठे राहायचे व काय शिकायचे हे त्यांवर अवलंबून असे.

ऑक्टोबर १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी लेओं बुर्जुआ यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. या आयोगाने घेतलेला एक निर्णय पुढच्या साऱ्या इतिहासाचा पाया ठरला: शैक्षणिक आणि वैद्यकीय तपासणी झाल्याखेरीज कोणत्याही मुलाला सामान्य शाळेतून काढून विशेष वर्गात पाठवायचे नाही. तत्त्व ठरले, पण ती तपासणी नेमकी कशी करायची हे मात्र आयोगाने सांगितले नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम आयोगाच्याच एका सदस्याने हाती घेतले. त्याचे नाव आल्फ्रेद बिने.

बिने (१८५७–१९११) या कामाला योग्य माणूस होता, आणि त्याचे एक कारण म्हणजे तो आधी सपशेल फसलेला होता. त्या काळच्या अनेक विद्वानांप्रमाणे त्यानेही शाळकरी मुलांची डोकी मोजली होती. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, हा तेव्हाचा समज. मोजमापांत फरक निघाला तो अगदी किरकोळ. शिवाय मोजणाऱ्याच्या मनात जे आधीपासून असते ते पट्टीवरही उतरते, हे त्याने स्वतःच्याच हातून घडताना पाहिले आणि तसे लिहूनही ठेवले. घरी माद्‌लेन आणि अलीस या दोन मुलींचे तो वर्षानुवर्षे निरीक्षण करीत होता. दोघी एकाच घरात वाढल्या, तरी त्यांच्या विचार करण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या. डोक्याच्या घेरातून असे काही कळत नाही. त्यासाठी मुलाशी बोलावे लागते.

तेओदोर सिमों हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला होता. पॅरिसजवळच्या पेरे-व्होक्लुझ येथील संस्थेत मानसिक विकास कमी झालेल्या मुलांमध्ये त्याने काम केले होते. दोघांनी १९०५ मध्ये तीस कसोट्यांची मालिका प्रसिद्ध केली. पहिली कसोटी इतकी साधी की आज हसू यावे: पेटलेली काडी डोळ्यांसमोरून फिरवायची आणि मुलाची नजर तिच्यामागे जाते का ते पाहायचे. पुढे चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, तीन आकडे ऐकून परत म्हणता येतात का, माशी आणि फुलपाखरू यांत वेगळे काय. शेवटी अमूर्त शब्दांतला फरक, जसा आदर आणि स्नेह यांतला. वाचन-लेखन मुद्दाम दूर ठेवले होते. शाळेने काय शिकवले ते मोजायचे नव्हते, शिकण्याची पात्रता मोजायची होती.

तपासणी शांत, एकांत खोलीत व्हावी. मूल परक्या माणसाला बिचकत असेल तर ओळखीचे कोणी सोबत बसावे, पण त्याने तोंड उघडू नये. परीक्षकाने स्नेहाने वागावे, अशा सूचना होत्या. आज एखाद्या समुपदेशन केंद्रात मुलाला आत बोलावून पालकांना बाहेर बसवले जाते, त्या शिस्तीचे मूळ येथे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवाडा एका चाचणीवर करायचा नव्हता. बिने-सिमों यांनी तीन वाटा सांगितल्या: शरीर पाहणारी वैद्यकीय, आजवर काय शिकले हे पाहणारी शैक्षणिक आणि प्रत्यक्ष विचारशक्ती पाहणारी मानसशास्त्रीय.

शैक्षणिक वाटेसाठी एक सोपा नियमही त्यांनी दिला. नऊ वर्षांखालील मूल अभ्यासात दोन वर्षे मागे असेल किंवा नऊ वर्षांवरील मूल तीन वर्षे मागे असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यावे. मात्र त्याची हजेरी नियमित होती की नाही हे आधी पाहावे. जे मूल शाळेत आलेच नाही ते मागे राहिले म्हणून मंद ठरत नाही. इतके साधे शहाणपण लिहून ठेवावे लागले, यावरून तेव्हाची प्रथा काय असेल याची कल्पना यावी.

१९०८ मध्ये कसोट्या तीन ते तेरा वर्षे अशा वयानुसार लावल्या गेल्या. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे. पाच वर्षांच्याने चौकोन पाहून काढावा आणि चार नाणी मोजावीत. सहा वर्षांच्याला उजवे-डावे कळावे. कोणत्या वयाच्या कसोट्यांपर्यंत मूल पोहोचते, त्यावरून त्याची ‘मानसिक पातळी’ ठरू लागली. याच पट्टीत एक कसोटी चेहऱ्यांची होती: दोन चित्रांपैकी सुंदर कोण? सौंदर्याचे कोणाचे माप, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही.

पट्टीतला मोठा दोष लवकरच बाहेर आला, तोही शेजारच्या देशातून. १९१० मध्ये ब्रसेल्स येथे देक्रोली आणि देगां यांनी हीच चाचणी सुखवस्तू घरांतल्या मुलांवर घेतली. ती मुले पॅरिसच्या मुलांपेक्षा सरासरीने बरीच पुढे निघाली. बेल्जियमची मुले अधिक बुद्धिमान होती काय? बिनेने कारण ओळखले: त्याची पॅरिसची मुले गरीब वस्त्यांतली होती. घरातली भाषा, पुस्तके आणि आईबापांशी होणारे बोलणे हे सारे मुलासोबत परीक्षेच्या खोलीत येते. हा इशारा १९११ मध्येच छापून आला होता. पुढच्या साठ वर्षांत तो ज्यांनी ऐकायला हवा होता त्यांनी ऐकला नाही.

बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे, या मताचा बिनेने १९०९ मध्ये उघड निषेध केला. विशेष वर्गांसाठी त्याने ‘मानसिक ऑर्थोपेडिक्स’ नावाचे व्यायाम सुचवले. त्यांतला एक म्हणजे खुणेसरशी पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे. आपल्याकडची मुले गल्लीत ‘स्टॅच्यू’ खेळतात तसेच. त्याच वर्षी १५ एप्रिलच्या कायद्याने विशेष वर्गांना मान्यता मिळाली, पण ते काढण्याची सक्ती नव्हती. दोन वर्षांनी, ५४ व्या वर्षी, बिने वारला.

यानंतर चाचणीचे रूप झपाट्याने बदलले. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टर्न याने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मनने चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणले. बिनेची पट्टी तपशील सांगत असे, की हे मूल हे करते, ते अजून करीत नाही. आता उरला एकच आकडा, आणि आकडा मुलाच्या नावाला चिकटतो.

न्यू जर्सीतील व्हाइनलंडच्या हेन्री गॉडर्डने ही पट्टी अमेरिकेत आणली होती. बुद्धी आनुवंशिक आणि अटळ आहे, असे त्याचे मत होते. त्याच्या सहायकांनी एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांचीही परीक्षा घेतली. १९२७ च्या ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. तिच्याविरुद्धच्या पुराव्यांत बिने पद्धतीने काढलेले मानसिक वय होते. मुलांच्या रक्षणासाठी घडवलेले साधन एवढ्या अंतरावर पोहोचले होते.

शाळांत ही चूक अधिक मुकाट्याने चालू राहिली. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात ‘डायना’ खटला झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांची परीक्षा इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. त्यांच्या भाषेत पुन्हा परीक्षा घेताच बहुतेकांचे गुण मर्यादेच्या वर गेले. खटला तडजोडीने मिटला आणि मुलाच्या मातृभाषेत परीक्षा घेणे राज्याला मान्य करावे लागले. पाठोपाठ १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने ‘लॅरी पी.’ खटला उभा राहिला. १९६८-६९ मध्ये राज्यातील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले सुमारे ९ टक्के होती आणि मतिमंदांच्या वर्गांत मात्र २७ टक्के. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकम यांनी त्या मुलांविरुद्ध निकाल देणारी ही पद्धत अवैध ठरवली.

दरम्यान २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अमेरिकेचा विशेष शिक्षणाचा केंद्रीय कायदा संमत झाला होता. मूल्यमापन मुलाच्या भाषेत व्हावे, कोणत्याही एका चाचणीवर निर्णय नसावा, निरनिराळ्या विषयांच्या जाणकारांनी मिळून तपासावे, पालकांना आधी कळवावे, अशा अटी त्यात आल्या. विशेष गरज असलेली मुले शाळेकडे येण्याची वाट न पाहता राज्याने स्वतः त्यांना शोधावे, हे कर्तव्यही आले. १९८६ मध्ये हा शोध तीन वर्षांखालच्या बालकांपर्यंत नेण्याची सोय झाली. १९०४ च्या पॅरिस आयोगाचे वाक्य तोवर एकाहत्तर वर्षांहून जुने झाले होते.

भारतात भाषेचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच टाळता येण्याजोगा नव्हता. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुंबई-कर्नाटक भागातल्या मुलांसाठी बिने चाचणी मराठी आणि कानडीत बेतली आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘बिने-कामत चाचणी’ पुढे कित्येक दशके देशभरातल्या दवाखान्यांत वापरली गेली. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून १९६९ मध्ये आर्थर मलिन यांनी दुसऱ्या एका परदेशी चाचणीची भारतीय आवृत्ती काढली.

१९९५ च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ प्रथमच आली. शाळेतल्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याची तरतूदही त्यात आहे. अध्ययन अक्षमता कशी तपासायची, याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये आली. तिसरीत किंवा आठव्या वर्षी आधी शिक्षकाने चाळणी करावी. मग बालरोगतज्ज्ञाने दृष्टी आणि श्रवण तपासावे. त्यानंतर मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापन करावे, आणि त्यासाठी सुचवलेल्या चाचण्यांत नागपूरच्या मलिन यांची चाचणी होती. शेवटी वाचन-लेखनाच्या कसोट्या. शिक्षक, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ हा क्रम १९०५ च्या तीन वाटांची आठवण करून देतो. २०१८ च्या त्या तत्त्वांनुसार आठव्या वर्षी मिळालेला दाखला कायमचा नव्हता. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी मुलाची तपासणी पुन्हा करावी लागे.