वळवणचे महासीर

टाटा पॉवर कंपनीचा धंदा विजेचा. तरीही लोणावळ्याजवळ वळवणला तिचे एक मत्स्यबीज केंद्र आहे आणि १९७०च्या सुमारास तिथे सुरू झालेली महासीर माशाची पैदास पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रोहू-कटल्याचे बीज देणारी केंद्रे महाराष्ट्रात गावोगावच्या तलावांना पुरतील इतकी आहेत. आमच्याकडच्या मच्छीमार सोसायट्या बीज घेतात ते बाजाराकडे डोळा ठेवून. महासीर सावकाश वाढणारा, त्यामुळे तलावाच्या जमाखर्चात तो कुठेच बसत नाही. त्याचे खरे चाहते म्हणजे गळवाले.

युरोप-अमेरिकेतले हौशी गळवाले ज्या वेडाने पाइकच्या मागे लागतात, त्याच वेडाने भारतात लोक महासीरच्या मागे लागत आले. पाइकचा जबडा दातांनी खचाखच भरलेला असतो आणि पाणगवतात दबा धरून बसणे हा त्याचा स्वभाव. त्याच्यासाठी वीतभर, कधी त्याहूनही लांब रबरी किंवा लाकडी मासे वापरतात. ओढले की ते शेपूट हलवत पोहतात. दोरी दातांखाली तुटू नये म्हणून गळापुढे तारेचा तुकडा लावावा लागतो. आमच्या हिमायतनगरच्या वाचकाने इथे मरळ डोळ्यांसमोर आणावा. तोही गवतात असाच दडतो आणि बेडकावर झेप घालतो. शेजारच्या तेलंगणाने मरळाला राज्यमासा केले आहे. आपल्या राज्याने २०२३ मध्ये तो मान पापलेटाला दिला, म्हणजे नदीकाठच्या लोकांच्या हाती काही लागले नाही.

महासीरची तऱ्हा निराळी. तो वाहत्या, खळाळत्या पाण्यातला, आणि त्याच्या जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, आणि शिंपल्या-खेकड्यांचा भुगा करण्याइतके ते दणकट असतात. धातूचा चपटा चमचा पाण्यात गरगरत चमकू लागला की त्याला तो पळता छोटा मासा वाटतो. मद्रास इलाख्यातले अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले, तेव्हापासून महासीर आणि चमचा ही जोडी इंग्रज साहेबांच्या बोलण्यात पक्की झाली. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर काढला. गळाने धरलेल्या महासीरांत त्याचे नाव आजही पहिले घेतात.

आपल्या दख्खनी महासीरची शास्त्रीय नोंद त्याआधीच झाली होती. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होते. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा पाहून १८३९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन छापले आणि त्याला स्थानिक लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नाव दिले. इंग्रजीत पुढे त्याला निळ्या परांचा महासीर म्हणू लागले.

या माशाच्या वाटेत धरणे कशी आली, तीही गोष्ट टाटांचीच आहे. टाटा हायड्रो कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. त्यासाठी लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवले गेले. पूर्वेकडे भीमेला जाणारे हे पाणी घाट उतरवून कोकणात नेण्यात आले. पुढे मुळशीच्या धरणाला सेनापती बापटांनी १९२१ पासून जो विरोध केला, तो महाराष्ट्र जाणतोच. माणसांच्या बुडालेल्या जमिनींचे हिशेब निदान कागदावर तरी आले. पावसाळ्यात पुराबरोबर वर चढून खडकाळ ओढ्यांत अंडी घालणाऱ्या माशाची वाट अडली, ती मात्र कुणाच्या वहीत नव्हती. त्यात सुरुंग लावून मासे मारणे, विषप्रयोग आणि बारीक आसाची जाळी यांची भर पडली. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये महासीरच्या घसरणीची दखल घेतली, पण तोवर वळवणचे काम मार्गी लागले होते.

त्यामागे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी होते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे ते माजी संचालक. गंमत अशी की मत्स्यशास्त्रात त्यांचे नाव झाले ते एका जेमतेम इंचभर माशामुळे. मुंबईच्या खाड्यांतला ‘होराइक्थिस सेटनाई’ त्यांनी १९४० मध्ये जगापुढे आणला. पुढे हाच माणूस दख्खनच्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एकाच्या अंड्यांमागे लागला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९७०च्या सुमारास खुद्रीच्या अंडी घालण्याच्या सवयींवर आणि पिलांच्या वाढीवर त्यांचे लेखन आले. केंद्राच्या कामात एस. एन. ओगले त्यांच्या जोडीला होते. १९७८ मध्ये दोघांनी मिळून महासीरची स्थिती आणि त्याची कृत्रिम पैदास यांवर लिहिले.

पैदास म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे, कारण केंद्राची खरी कमाई तिथेच आहे. पावसाळ्यात धरणाच्या पाण्यातले पक्व नर-मादी धरायचे. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून पिवळसर अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे वीर्य घालून हलक्या हाताने मिसळायचे आणि मग पाणी द्यायचे. रोहूची मादी लाखांनी अंडी देते. महासीरची अंडी त्या मानाने फारच कमी, पण आकाराने मोठी. सुमारे तीन दिवसांत पिले बाहेर पडतात, मात्र पहिले काही दिवस ती पोहत नाहीत, तळाशी एका कुशीवर पडून राहतात. पोटाची पिवळी पिशवी संपेपर्यंत त्यांना गार, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी मिळाले नाही तर सगळी मेहनत वाया जाते. नदीत नेमक्या याच दिवसांत गाळ आला किंवा पाणी ओसरले की एक अख्खी पिढी जाते. मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत त्यांना जपायचे आणि मगच बाहेर पाठवायचे.

कुलकर्णी आणि ओगले यांचे मला सर्वांत आवडते काम १९७९ मधले आहे. फलित अंडी पाण्यात ठेवायची गरज नाही, ओल्या कापसाच्या थरांत बांधून ती पाण्याविना दूरवर पाठवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. टाक्या, पंप, मालमोटार या सगळ्यांच्या जागी कापूस आणि एक डबा. कापूस पिकवणाऱ्या आमच्या मुलखाला याचे कौतुक जास्तच वाटणार. या युक्तीमुळे वळवणचे बीज देशभर जाऊ लागले. हिमालयाकडच्या सोनेरी महासीरचीही पैदास इथे होऊ लागली आणि एका वेळी लाखोंनी पिले काढण्याइतकी क्षमता आली.

कौतुक इथवर. पुढचा भाग कंपनीच्या माहितीपत्रकात फारसा येत नाही.

बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने कावेरीचा एक पट्टा राखला. पकडलेला मासा मोजून परत सोडायचा, हा तिथला नियम होता. नदीत मासे वाढावेत म्हणून वळवणहून खुद्रीची बोटुकली आणून सोडण्यात आली. हेतूत खोट नव्हती. पण कावेरीचा स्वतःचा महासीर होता: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, थॉमसपासून सगळ्यांनी ज्याचे गोडवे गायले तो. काबिनीचा १२० पौंडांचा मासाही याच जातीचा मानतात. कावेरीकाठच्या गळीबोरेच्या छावणीत गळवाले १९९८ पासून २०१२ पर्यंत आपल्या पकडीची नोंद ठेवत होते. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी त्या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला. निळ्या परांचे मासे भराभर वाढलेले होते. उंचवट्याचे मासे कमी कमी होत गेले होते, मिळत होते ते मोठे आणि म्हातारे, मागून लहान येतच नव्हते. २०१८ मध्ये या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणे आहेत, सगळा दोष बोटुकलीच्या माथी मारता येत नाही. तरी सह्याद्रीचा मासा कावेरीत न्यावा का, हा प्रश्न बीज सोडण्याआधी विचारायचा असतो. तो चाळीस वर्षांनी विचारला गेला, आणि तोही गळवाल्यांच्या वह्यांनी.

खुद्रीचे स्वतःचे बरे चालले आहे. २०११ च्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त होता. २०२० च्या नोव्हेंबरात बातम्या आल्या की तो आता ‘कमी चिंता’च्या वर्गात आहे. वळवणला याचे श्रेय मिळाले आणि त्यातले बरेच रास्त आहे. पण साइक्सने जिथे तो पाहिला ती मुळा-मुठा आज पुण्याचे सांडपाणी वाहते आणि वळवणच्या खालची इंद्रायणी आळंदीला पोचेपर्यंत फेसाळते. दुसरीकडे महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यातल्या तिळशाला देवाचे मासे म्हणून महासीर राखले गेले, तेही कसलेही केंद्र न काढता. तिथे गळ टाकायची कुणाची छाती नाही.

आता जलपर्यटनाच्या नावाखाली जलाशयांत गळवाल्यांसाठी मासे सोडण्याच्या योजना निघतात. आमच्या पैनगंगेवरच्या इसापूरच्या पाण्यात असे काही करावे, असे उद्या कुणी सुचवले तर पहिले काम बीज मागवण्याचे नाही. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत जाते. एकदा सोडलेली बोटुकली तेलंगणापर्यंत कुठेही निघेल. आधी सहस्रकुंडापासून वर-खाली भोयांच्या जाळ्यांत दोन-तीन पावसाळे काय काय लागते याची वही मांडावी. त्यात महासीर निघाला तर त्याच नदीतल्या नर-मादीपासून बीज काढावे. ते कसे, हे वळवणला विचारता येईल. नाहीच निघाला, तर गळवाल्यांनी मरळावर रबरी बेडूक टाकावा.