व्होडू आणि कॅथलिक संत

व्होडू : हैतीतल्या या धर्मातल्या कॅथलिक संतांच्या तसबिरी म्हणजे गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी घेतलेला निव्वळ मुखवटा, असे या पुस्तकाचा मूळ लेखक गृहीत धरतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. 1685च्या ‘कोड न्वार’ या फ्रेंच वसाहतींतल्या गुलामगिरीविषयीच्या कायद्याने गुलामांचा बाप्तिस्मा सक्तीचा केला आणि इतर उपासनांवर बंदी घातली, तेव्हा लपवाछपवीला कारण होते, हे मान्यच. पण 1804 साली हैती स्वतंत्र झाला आणि रोमशी करार व्हायला 1860 उजाडले. मधल्या काळात मळेवाले गेलेले, रोमची देखरेख नाही, तरीही संत टिकले. शिवाय गुलामांत काँगोच्या लोकांचा वाटा मोठा होता आणि काँगोच्या राजाने 1491मध्येच बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे ख्रिस्ती खुणा काहींनी आफ्रिकेतूनच सोबत आणल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन लोकांची दैवते या खुणांच्या शेजारी बसली. सेंट पॅट्रिकच्या तसबिरीत पायाशी साप असतात. आख्यायिकेत संत त्यांना हाकलतो. व्होडूचा भाविक मात्र तिथे सर्पदेव दांबालाला हात जोडतो. हा देव संतामागे दडवलेला नाही, भाविकाने चित्रच आपल्या दृष्टीने वाचले आहे. 2003 साली हैती सरकारने व्होडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली; पुढील प्रकरण वाचताना वाचकांनीही त्याला जादूटोणा समजू नये.