बेकारी भत्ता : विलंबित अर्जाची पूर्वलक्षी ग्राह्यता (ग्रेट ब्रिटन)

बेकारी भत्त्यासाठी उशिरा आलेला अर्ज ठरावीक अटींवर आधीच्या तारखेचा मानून त्या काळाची रक्कम देण्याची तरतूद.

उगम : ब्रिटनमध्ये बेकारी विमा १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने सुरू झाला (पहा : सामाजिक सुरक्षा). पुढील काळात उशिराचे सबळ कारण दाखविल्यास बारा महिन्यांपर्यंतची मागील रक्कम मिळू शके. एप्रिल १९९७ पासून ही मर्यादा तीन महिन्यांवर आली व ग्राह्य कारणे नियमांत नमूद झाली.

स्वरूप : सध्याची तरतूद २०१३ च्या नियमावलीत आहे. विमा-वर्गणीवर आधारित जॉबसीकर्स अलाउन्ससाठी कमाल तीन महिने, तर उत्पन्न तपासून मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटसाठी कमाल एक महिना मागे जाता येते. पहिल्यासाठी आजारपण, आजाऱ्याची शुश्रूषा, घरगुती आपत्ती, भाषा वा साक्षरतेची अडचण, अधिकाऱ्याकडून झालेली दिशाभूल इ. कारणे ग्राह्य आहेत. दुसऱ्यासाठी अपंगत्व, वैद्यकीय पुराव्यासह आजारपण, ऑनलाइन यंत्रणा बंद असणे इ. मोजकीच कारणे चालतात. अर्ज आधी करणे वाजवीपणे शक्य नव्हते, हेही दिसावे लागते. नियमाचे अज्ञान हे स्वतंत्र कारण नाही.

महत्त्व : या तरतुदीमुळे अडचणीतील अर्जदाराचा हक्क पूर्णतः बुडत नाही. नकारानंतर प्रथम फेरविचार व पुढे अपील करता येते (पहा : प्रशासकीय न्यायाधिकरण).